इंजिनाचा ठोका आणि ग्राहकाचा हक्क

नवी गाडी दारात आली म्हणजे तिच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडावयाचे आणि मगच तिला रस्त्यावर काढावयाचे, अशी आपल्याकडे रीत आहे. मालमोटारीच्या पुढच्या अंगास लिंबू-मिरची टांगलेली नसेल तर ड्रायव्हरलाच चुकल्याचुकल्यासारखे वाटते. आपल्या लेखी लिंबू हे गाडीचे रक्षण करणारे. अमेरिकेत मात्र गाडीलाच ‘लिंबू’ म्हणतात आणि ते कौतुकाने नव्हे. वरून तुकतुकीत, आत आंबट. हजारो डॉलर मोजून घरी आणावी आणि पहिल्या महिन्यापासून दुरुस्तीच्या फेऱ्या घालाव्यात, अशा नव्याकोऱ्या पण सदोष मोटारीस तेथील बोलीत ‘लेमन’ म्हणतात. तिच्या खरेदीदाराला ज्या कायद्याने दाद मागता येते त्यालाही लोकांनी ‘लेमन लॉ’ हेच नाव ठेवले, आणि आता न्यायालयेही ते सर्रास वापरतात.

या कायद्याची चर्चा गेली दोन वर्षे तेथे पुन्हा जोराने चालू आहे. तिला निमित्त झाले ते ट्रकांच्या इंजिनांचे. मे २०२४ मध्ये टोयोटा कंपनीने ‘टुंड्रा’ जातीचे ट्रक आणि त्याच इंजिनाच्या काही मोटारी, मिळून सुमारे १ लाख २ हजार वाहने परत बोलावली. इंजिन घडविताना आत राहून गेलेला धातूचा कीस बेअरिंगांपर्यंत पोहोचतो आणि इंजिन ठोकू लागते, प्रसंगी बंदही पडते, असे कारण देण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सवर हीच पाळी आली. तिच्या ६.२ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनातील कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट यांच्या घडणीत दोष असल्याचे मान्य करून २०२१ ते २०२४ या वर्षांतील जवळजवळ ५ लाख ९७ हजार ट्रक व मोटारी एकट्या अमेरिकेत परत बोलवाव्या लागल्या.

अमेरिकेत ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येणारी दहा टनी मालमोटार समजू नये. तेथे शेतकरी, सुतार, नळजोडणी करणारा, शाळेचा मास्तर, हे सारे मागे उघडा हौदा असलेली ‘पिकअप’ चालवितात आणि तिलाच ट्रक म्हणतात. म्हणजे हा प्रश्न धनाढ्य वाहतूकदारांचा नाही. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या, हप्ते फेडणाऱ्या सामान्य कुटुंबाचा तो प्रश्न आहे. म्हणूनच त्याचा विचार आपणही करावयास हवा.

ऐकू येणारा, पण न दिसणारा दोष

इंजिनाचा ठोका हा दोष मोठा लबाड आहे. टायर फुटला, काच तडकली, ब्रेक लागेनासा झाला तर तो दोष कोणालाही दाखविता येतो. ठोका ऐकू येतो, दिसत नाही. आणि ऐकू येतो तोही सदैव नव्हे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टक्‌-टक्‌ असा आवाज यावा, गाडी तापली की तो थांबावा, चढावर ओझे घेऊन जाताना पुन्हा यावा आणि विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेल्यावर मात्र तिने अगदी शहाण्या मुलासारखे गप्प बसावे, हा अनुभव कोणत्याही गाडीमालकाला सांगावयास नको.

शिवाय सर्व ठोके सारखे नसतात. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्योत क्रमाक्रमाने पसरावयास हवी. परंतु उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि धातूवर धातू मारल्यासारखा आवाज होतो. इंधन हलक्या प्रतीचे असणे, आत काजळी साचणे, ठिणगीची वेळ चुकणे ही त्याची कारणे. हा ठोका इंधन बदलून वा जुळणी करून जाऊ शकतो. दुसरा ठोका यांत्रिक असतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले, तेलाचा दाब कमी झाला, दट्ट्या सैल झाला की लोखंड लोखंडावर आपटू लागते. हा ठोका म्हणजे इंजिनाच्या मरणाची पूर्वसूचना होय. त्यात डिझेल इंजिनाची आणखी एक गंमत अशी की त्याला जन्मजातच थोडासा ठोका असतो. त्यामुळे ‘हे या इंजिनाचे नेहमीचेच आहे’ असे सांगून ग्राहकाला वाटेस लावणे विक्रेत्याला सोपे जाते.

सामान्य ग्राहकाने यातला कोणता ठोका आपला, हे सिद्ध कसे करावे? इंजिन उघडल्याशिवाय कारण कळत नाही. आणि ग्राहकाने ते बाहेर कोठे उघडले तर ‘तुम्ही छेडछाड केली, हमी संपली’ असे उत्तर तयार असते. इकडे आड, तिकडे विहीर! नेमक्या या कोंडीतून ग्राहकाला सोडविणे हे लेमन लॉचे खरे कार्य आहे. पैसे परत मिळणे हे त्याचे फळ झाले. त्याचे मूळ शाबितीचा बोजा कोणी वाहावयाचा या प्रश्नात आहे.

हमीपत्राची बारीक अक्षरे

हा कायदा एका रात्रीत जन्माला आला नाही. ‘खरेदीदाराने आपले आपण पाहून घ्यावे’ हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व अमेरिकेतही रुजलेले होते. मोटारीच्या कारखानदारांनी त्यावर हमीपत्राचा साज चढविला. १९५५ मध्ये न्यू जर्सीत एका गृहस्थाने पत्नीला भेट म्हणून नवी प्लिमथ मोटार घेतली. तिच्या हमीपत्रात, ९० दिवस किंवा ४ हजार मैल यांपैकी जे आधी संपेल तेवढ्या मुदतीत सदोष सुटा भाग कारखान्यात पाठविल्यास तो बदलून मिळेल, यापलीकडे काहीच नव्हते. बाकी साऱ्या जबाबदाऱ्या बारीक अक्षरांत झटकून टाकलेल्या होत्या. दहाच दिवसांत, गाडी अवघी ४६८ मैल चाललेली असताना, पत्नी ती चालवीत असता पुढच्या भागातून मोठा आवाज झाला, सुकाणूचक्र हातातून फिरले आणि गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चुरडला गेला की नेमका कोणता भाग सदोष होता हे सांगणेच अशक्य झाले. तरीही १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. बारीक अक्षरांच्या आड कारखानदाराला लपता येणार नाही, आणि नवी गाडी अशी वागली तर दोषाचे अनुमान काढण्यास ज्यूरीला मोकळीक आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले. हेनिंगसेन खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे.

आठ वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच राज्यात दुसरा एक निकाल लागला. दुकानातून निघालेली नवी शेवरोले पाऊण मैल जाण्यापूर्वीच बंद पडू लागली. खरेदीदाराने धनादेश थांबविला. विक्रेत्याने दुसऱ्या गाडीतील गिअरयंत्रणा काढून हिला बसविली आणि ‘आता झाली नीट, घेऊन जा’ असे सांगितले. न्यायालयाने ते अमान्य केले. माणूस नवी गाडी घेतो तेव्हा तिच्याबरोबर मनाची निश्चिंतीही विकत घेतो. एकदा विश्वास डळमळला की डागडुजीने तो परत येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ठोकणाऱ्या इंजिनाचा विचार करताना हा मुद्दा ध्यानी ठेवण्यासारखा आहे. ठोक्यामुळे गाडी थांबली नसेल, परंतु रात्री महामार्गावर मुलाबाळांना घेऊन ती चालविताना ज्याचे कान सतत बोनेटकडे लागलेले असतात, त्याला ती गाडी उपयोगी पडते असे कोणी म्हणावे?

या निकालांनी वाट करून दिली. विधिमंडळांनी ती रुंद केली. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये साँग-बेव्हर्ली कायदा करून, योग्य संख्येच्या प्रयत्नांत दुरुस्ती न झाल्यास वस्तू बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, असे बंधन उत्पादकावर घातले. १९७५ मध्ये मॅग्नुसन-मॉस हा हमीविषयक केंद्रीय कायदा आला. त्याने हमीची भाषा सरळ करावयास लावली आणि ग्राहक जिंकल्यास त्याच्या वकिलाचा खर्च उत्पादकाकडून वसूल होण्याची तरतूद केली. पुढच्याच वर्षी अमलात आलेल्या एका केंद्रीय नियमाने, विक्रेत्याच्या मध्यस्थीने कर्ज दिलेले असेल तर विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहकाला कर्ज देणाऱ्या संस्थेपुढेही मांडता येऊ लागली. ‘गाडी बिघडली तो तुमचा आणि विक्रेत्याचा प्रश्न, आमचा हप्ता मात्र पहिल्या तारखेस’ असे सांगण्याची सोय त्यामुळे बरीच कमी झाली.

मोजदादीचा कायदा

तरीही ‘योग्य संख्येचे प्रयत्न’ म्हणजे किती, हा प्रश्न शिल्लकच होता. दोन? पाच? पंधरा? कारखानदार म्हणे, आणखी एक संधी द्या. या ‘आणखी एक’ला अंत नव्हता. तो अंत १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने घातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही टॅनर कायद्याने तसेच केले आणि पुढे पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपाचा लेमन लॉ आला.

कॅलिफोर्नियाचा नियम नमुन्यादाखल पाहू. गाडी मिळाल्यापासून १८ महिने किंवा १८ हजार मैल यांच्या आत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा प्राणावर बेतू शकेल अशा दोषासाठी दोन वेळा झाला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ कार्यशाळेत पडून राहिली, तर योग्य संख्येचे प्रयत्न झाले असे कायदाच गृहीत धरतो. यात ग्राहकाला काय सिद्ध करावयाचे आहे? रॉड झिजला की बेअरिंग, तेलाचा दाब किती पौंड होता, यांपैकी काहीही नाही. त्याने फक्त मोजावयाचे आहे. गाडी किती वेळा नेली, किती दिवस ठेवली, आणि दोष राहिला की गेला. तो दोष गाडीच्या उपयोगास, किमतीस वा सुरक्षिततेस लक्षणीय बाधा आणणारा आहे एवढे दाखविले की पुढचे ओझे उत्पादकाच्या खांद्यावर जाते. ग्राहकाने गाडीचा गैरवापर केला असेल तर ते उत्पादकाने दाखवून द्यावे. कायद्याने ती मुभा त्याला ठेवलेली आहे.

ज्ञान ज्याच्याकडे, त्याच्याकडे जबाबदारी, असे हे साधे न्यायतत्त्व आहे. इंजिनाचे आराखडे, चाचण्यांचे अहवाल, हजारो गाड्यांच्या तक्रारींची नोंद हे सारे कारखानदाराच्या कपाटात असते. ग्राहकाजवळ असतात ते दोन कान आणि काही कागद. म्हणून त्या कागदांना तेथे मोठे मोल आहे. प्रत्येक खेपेस जॉबकार्डावर तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. ‘सर्वसाधारण तपासणी’ असे लिहू देऊ नये. आवाज थंड इंजिनाला येत असेल तर गाडी रात्रभर कार्यशाळेत ठेवून सकाळी ती यंत्रज्ञासमक्ष सुरू करावी. आवाज ध्वनिमुद्रित करावा. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला तरी तो कागद टाकू नये. कारण दोष न सापडणे हाही दुरुस्तीचा एक फसलेला प्रयत्नच आहे, असा युक्तिवाद तेथे करता येतो.

दाद मिळाली म्हणजे काय मिळते? गाडीच्या बदली गाडी, किंवा किंमत, कर आणि नोंदणीखर्च यांसह पैसे परत. मात्र पहिल्या दुरुस्तीपर्यंत जितका वापर झाला त्याची वजावट होते, आणि तिचे सूत्रही कायद्यातच दिलेले आहे: तोवर झालेले मैल भागिले १ लाख २० हजार. ६० हजार डॉलरचा ट्रक १२ हजार मैलांवर पहिल्यांदा ठोक्यासाठी आणला असेल तर दहावा हिस्सा, म्हणजे ६ हजार डॉलर, वजा होतात. उत्पादकाने जाणूनबुजून टाळाटाळ केली असेल तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडरूप भरपाई वेगळी. परत घेतलेली गाडी पुन्हा विकावयाची झाल्यास तिच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारावा लागतो. एकाच्या गळ्यातील लोढणे गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. टेक्सास राज्यात तर वाहन खात्याकडेच ३५ डॉलर भरून तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

परत बोलावणे म्हणजे न्याय नव्हे

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. कारखानदार गाड्या परत बोलावतो तो समस्त गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी. लेमन लॉ दाद देतो ती एका ग्राहकाला. जनरल मोटर्सच्या प्रकरणात हा फरक चांगला दिसतो. अमेरिकेत आलेल्या २८ हजारांहून अधिक तक्रारी व घटना कंपनीच्या नोंदीत आढळल्या. योजना अशी ठरली की प्रत्येक गाडीचे इंजिन तपासावयाचे. सदोष ठरल्यास दुरुस्त करावे वा बदलून द्यावे. तपासणीत उतरल्यास त्यात पूर्वीपेक्षा दाट तेल घालावे, नवे झाकण व नवा फिल्टर बसवावा आणि गाडी परत द्यावी.

ज्याचे इंजिन बदलले त्याचे ठीक. परंतु ज्याच्या वाट्याला दाट तेल आले त्याने काय समजावे? त्याचे इंजिन निर्दोष आहे, की अद्याप ठोकू लागलेले नाही एवढेच? आणि उद्या ते ठोकू लागले तर ‘परत बोलावणीत तपासले होते’ हे उत्तर त्याच्या तोंडावर फेकले जाणार नाही कशावरून? सार्वत्रिक उपाय सरासरीचा विचार करतो. ग्राहकाने सरासरी गाडी घेतलेली नसते, एकच घेतलेली असते. म्हणून परत बोलावण्याची पद्धत कितीही चांगली असली तरी वैयक्तिक दादीचा हक्क तिच्यात विरून जाता कामा नये.

लिंबाची दुसरी फोड

तथापि अमेरिकेत सारे आलबेल आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. वकिलाचा खर्च उत्पादकाने देण्याच्या तरतुदीमुळे गरिबालाही वकील मिळू लागला हे खरे. पण त्यामुळे लेमन लॉ हा एक धंदाही झाला. कॅलिफोर्नियात खटल्यांची संख्या इतकी फुगली की २०२४ च्या सप्टेंबरात नवा कायदा करावा लागला. दंडरूप भरपाई मागावयाची असेल तर ग्राहकाने आधी लेखी सूचना द्यावी, उत्पादकाने ३० दिवसांत परतफेडीचा प्रस्ताव देऊन ६० दिवसांत ती पुरी केली तर दंड नाही, आणि हमी संपल्यावर वर्षभरात, फार तर गाडी मिळाल्यापासून सहा वर्षांत, दावा लावावा, असे त्यात ठरले. २०२५ मध्ये आणखी दुरुस्ती होऊन ही नवी पद्धत ज्या कंपन्या आपणहून पत्करतील त्यांच्यापुरतीच ठेवण्यात आली. म्हणजे आपल्या ग्राहकाला कोणता कायदा लागू व्हावा हे काही अंशी कारखानदारच ठरविणार! न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट विचित्रच म्हटली पाहिजे.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरी एक खिडकी बंद केली. एका जोडप्याने दोन वर्षे वापरलेला, ५५ हजार मैल चाललेला डॉज ट्रक घेतला होता. इंजिनाची मूळ हमी शिल्लक होती. पण हमी शिल्लक आहे एवढ्यावरून जुनी गाडी ‘नवे वाहन’ होत नाही, सबब बदली वा परतफेडीची ती तरतूद तिला लागू नाही, असा निर्णय झाला. कायद्याच्या शब्दांनुसार तो बरोबर असेल. परंतु नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेणाऱ्यालाच संरक्षण कमी मिळावे, हा त्याचा परिणाम दृष्टिआड करता येत नाही. तसेच, धंद्यासाठी घेतलेले १० हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांच्या, वरचे वाहन आणि पाचांहून अधिक गाड्या बाळगणारा मालक यांना त्या राज्याच्या कायद्याने बाहेरच ठेवले आहे.

येथे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांची आठवण होते. १९७० साली त्यांनी लिंबांच्याच बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता, आणि २००१ मध्ये त्याच विचारांसाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विक्रेत्याला वस्तू ठाऊक आहे आणि खरेदीदाराला नाही, अशा बाजारात खरेदीदार भीतीपोटी कमी भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि उरतात ती लिंबे, असे त्यांचे प्रतिपादन. याचा अर्थ असा की, लेमन लॉ हा केवळ ग्राहकावरचा उपकार नव्हे. प्रामाणिक कारखानदाराचेही त्यात हित आहे.

आपल्याकडे काय?

आता आपल्या घराकडे वळू. भारतात लेमन लॉ या नावाचा कायदा नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात वस्तूच्या योग्यतेविषयीची गर्भित अट आहे. परंतु दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याची हिंमत कितीजण करतात? पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि अशा प्रयत्नांच्या रेट्याने १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, व्याजासह किंमत परत करणे, नुकसानभरपाई देणे, असे सर्व आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो.

ट्रकवाल्याला या दारात प्रवेश आहे काय? ‘व्यापारी हेतू’ने घेतलेली वस्तू कायद्याने वगळली आहे, पण स्वयंरोजगाराने केवळ उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात याचा अर्थ उलगडताना ट्रकचेच उदाहरण दिले आहे. स्वतः चालवून मालवाहतूक करण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहकच होय, आणि मदतीला एखाददुसरा माणूस घेतल्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. या एका गोष्टीत आपला कायदा, निदान तत्त्वतः, कॅलिफोर्नियापेक्षा उदार आहे.

पण दारात शिरल्यावर काय होते? ‘उत्पादनदोष’ सिद्ध करण्याचा भार सामान्यतः तक्रारदारावर राहतो. वस्तूची तपासणी आवश्यक असेल तर ती प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि तिचे शुल्क तक्रारदाराने भरावे, अशी तरतूद आहे. २००६ मध्ये मारुती कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हे. २०१० मध्ये फियाट मोटारीच्या एका प्रकरणात इंजिन एकदा बदलूनही ग्राहकाचे समाधान झाले नव्हते. तेथे स्वतंत्र तज्ज्ञाने मूलभूत उत्पादनदोष असल्याचे सांगितल्यास किंमत व्याजासह परत करावी, असा मार्ग न्यायालयाने काढला. अखेर गाडी अडते ती तज्ज्ञापाशीच! तपासणी लागणाऱ्या तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. आयोगाच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांना ही मुदत कागदावरच ठाऊक आहे.

समजा, सांगली-सोलापूर पट्ट्यातील एका ड्रायव्हरने कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला आणि तिसऱ्या महिन्यापासून इंजिन ठोकू लागले. सहा वेळा त्याने ट्रक कार्यशाळेत नेला. एकदा तेल बदलून मिळाले, एकदा इंजेक्टर साफ झाले, एकदा ‘आवाज नेहमीचाच’ असा शेरा मिळाला. ट्रक उभा असताना भाडे बुडाले, हप्ता मात्र थांबला नाही. या माणसाने तज्ज्ञ कोठून आणावा? जे तज्ज्ञ आहेत त्यांतील किती जण कंपनीविरुद्ध लेखी मत देण्यास धजावतील? आणि तोवर ट्रक चालविला तर ‘बघा, चालतो आहे’ असे म्हटले जाईल. उभा ठेवला तर घरची चूल उभी राहील.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यात वाहन बदलून देणे किंवा पूर्ण खर्च परत करणे हेही आहे. परंतु तो अधिकार मुख्यतः जागा होतो तो ठरावीक टक्के मालकांनी तक्रार केल्यावर, आणि दोषाने पर्यावरणास किंवा माणसांना धोका असेल तर. एकट्यादुकट्याचा ठोका त्या टक्केवारीत कोठे ऐकू जावा?

काय करता येईल?

यावर कारखानदारांचा आक्षेप ठरलेला आहे. आपले रस्ते खड्ड्यांचे, डिझेलमध्ये भेसळ, ट्रकवर क्षमतेबाहेर माल. अशा देशात दोष आमच्याच माथी का? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. इंजिनाचा छळ करून मग ते ठोकते म्हणून रडणारे मालक आपल्याकडेही आहेत. परंतु गृहीतक म्हणजे अंतिम निकाल नव्हे. अतिभार झाला असेल, भेसळीचे इंधन वापरले असेल, तर ते उत्पादकाने पुराव्यानिशी दाखवावे. आजकालच्या इंजिनातील संगणक वेग, ताप, दाब यांच्या बऱ्याच नोंदी ठेवतो आणि त्या वाचण्याचे साधन कंपनीजवळ असते. ज्याच्याजवळ साधन आहे त्याने सिद्ध करावे, एवढीच मागणी आहे. किमती वाढतील, हा दुसरा आक्षेप. दोषाचा खर्च आजही कोणीतरी भरतोच. फरक एवढाच की तो सर्व गाड्यांवर थोडा थोडा वाटला न जाता एका दुर्दैवी ग्राहकाच्या माथी एकदम पडतो.

त्यासाठी फार मोठा नवा कायदा रचावा लागेल असेही नाही. ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी चार प्रयत्न किंवा तीस दिवस कार्यशाळेत, एवढे झाले की उत्पादनदोष आहे असे आयोगाने गृहीत धरावे, ही एक ओळ ग्राहक संरक्षण कायद्यात घातली तर निम्मे काम होईल. तपासणीचे शुल्क उत्पादकाने आधी भरावे, ही दुसरी ओळ. प्रत्येक खेपेस ग्राहकाच्या शब्दांत तक्रार नोंदलेले जॉबकार्ड देणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे, ही तिसरी. आणि परतफेड होईपर्यंत कर्जाच्या हप्त्यांचे काय, याचे उत्तर देणारी चौथी.

आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ट्रक घेतलेला नाही, घेणारही नाही. पण मास्तरांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली स्कूटर, कारकुनाने हप्त्याने आणलेला फ्रीज, विद्यार्थ्याने शिकवण्या करून घेतलेला संगणक यांचेही इंजिन केव्हा ना केव्हा ठोकतेच, आणि दुकानदार मान हलवून ‘यात काही दोष नाही’ असेच म्हणतो. तेव्हा आपण काय करतो? बहुधा नशिबाला दोष देतो, चार ठिकाणी त्या कंपनीची निंदा करतो आणि पावती कोठल्या तरी खणात टाकून विसरून जातो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण तो बदलला तरी त्याचा उपयोग पावती जपून ठेवणाऱ्यालाच होणार आहे. लिंबू-मिरची अवश्य टांगावी. तिच्याबरोबर जॉबकार्डांचीही एक फाईल असावी.